मी फिरंगी कप्तान होते तेव्हा

आमच्या घराण्यात आजवर पोर्तुगीज कप्तान एकच झाला, आणि तो मी. हे वाक्य मी अगदी हौसेने लिहिते आहे, कारण आजोळी ते तोंडातून काढायची सोय नव्हती. रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीवर फिरंग्याचं नाव आजही कोणी प्रेमाने घेत नाही. कुठल्या तरी जुन्या काळी त्यांनी आमच्या लोकांची गलबतं जाळली, ही गोष्ट माझे मामा अशा तावातावाने सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आग अजून धुमसते आहे आणि आपण बादली न आणता नुसते बसून राहिलो आहोत. अशा घरातली मुलगी काळ्या लोकरीची दाढी चिकटवून, कमरेला लाकडी तलवार अडकवून जहाजाच्या टोकावर उभी राहिली, तीही सौदी अरेबियात, आणि ते जहाज उभं केलं खुद्द तिच्या आईने. त्या दिवसापासून मला कोणाचं फारसं भय वाटलेलं नाही. सासरच्यांना हे लग्नानंतर कळलं, त्याला माझा इलाज नव्हता.

आम्ही जुबैलच्या जुन्या वस्तीत राहायचो. खाली बकाला, म्हणजे किराणामालाचं दुकान, त्याला लागून इस्त्रीवाला, आणि वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. अब्बा रास अल खैरला शटरिंगचे फोरमन होते. काँक्रीट ओतायच्या आधी त्याला आकार द्यायला लाकडाचे आणि प्लायचे जे साचे उभे करतात, ते त्यांचं काम. बरीच वर्षं ते कॅम्पात एकटे राहिले. फोरमन झाल्यावर कुटुंबाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, निघाला आणि अम्मी नि मी गावाहून आलो. अब्बांची पाळी बहुतेक रात्रीची. दिवसाच्या उन्हात काँक्रीट ओतलं की तडकतं, म्हणून सगळं ओतकाम सूर्य बुडाल्यावर चाले आणि अब्बा दिवसभर झोपत. त्यामुळे आमचं घर दिवसा मुकं असायचं. अम्मी नाखव्याची मुलगी. गावी ती खाडीच्या या काठावरून हाक मारायची आणि पलीकडच्या काठावर बसलेली तिची बहीण उत्तर द्यायची. जुबैलला तीच बाई कुकरची शिटी वाजायच्या आत गॅस बंद करी, त्यामुळे आमच्याकडे डाळ कधी धड शिजली नाही. तांदळाची भाकरी ती अशी थापायची, की जणू पिठालाच झोपवते आहे. मी शाळेतून आले की खुणेनेच 'जेवलीस का' विचारायची. एसीची घरघर, खालच्या इस्त्रीचा फस्सकन उठणारा वाफेचा आवाज आणि दारामागे अब्बांचं घोरणं, एवढंच त्या घरात ऐकू यायचं. घोरण्याला मात्र बंदी नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

शुक्रवारी सगळं उलटं. अब्बा जागे असत, जुम्याची नमाज पढून येताना बाजारातून ताजा हमूर मासा आणत आणि पाठोपाठ कॅम्पाच्या बसने काशीकाका येत. काशीकाका म्हणजे काशिनाथ सुतार, गुहागरकडचे, अब्बांच्याच हाताखाली काम करणारे आणि अब्बांशी दिवसातून एकदा तरी भांडणारे. त्यांची बायकामुलं गावी होती. कॅम्पातल्या मेसचं जेवण जेवून त्यांची जीभ वैतागलेली असे. अम्मी तिरफळं ठेचून, आमसुलं घालून माशाचं कालवण करी, आणि ते पहिला घास घेऊन डोळे मिटून बसत. "वहिनी, ह्या कालवणासाठी मी आणखी एक वर्ष काढीन," असं ते दर वर्षी म्हणत, आणि काढतही. परवा बाजारात तिरफळं दिसली आणि मी उगाचच अर्धा किलो घेतली. घरात दोन माणसं, अर्धा किलो तिरफळांचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे.

शाळा इंडियन, माध्यम इंग्रजी, आणि मुलींचा विभाग मुलांच्या विभागापासून अगदी निराळा. वेगळी इमारत, वेगळी भिंत, वेगळं गेट. मी गावच्या मराठी शाळेतून आलेली. वर्गात कोणी मलयाळी, कोणी हैदराबादी, कोणी लखनौची. बाईंनी प्रश्न विचारला, की मी त्याचं उत्तर मराठीत शोधायची, मनात इंग्रजीत रचायची, आणि तोंड उघडेपर्यंत प्रश्न दुसऱ्या मुलीकडे गेलेला असायचा. पहिलं वर्ष मी असंच तोंड उघडत आणि मिटत काढलं. फसीला नावाची कोळिकोडची मुलगी माझ्या बाकावर बसायची. ती मला 'फिश' म्हणायची. त्यात दुष्टपणा नव्हता, पण राग यायचा तो यायचाच.

वार्षिक कार्यक्रमासाठी इतिहासाच्या शैलजा मिसनी आमच्या वर्गाला नाटक दिलं. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली खाली उतरत गेलेल्या एका जुन्या पोर्तुगीज दर्यावर्दी व्यापाऱ्याचं. त्याचं नाव प्रत्येक मुलगी वेगळं उच्चारायची, म्हणून मिसनी कंटाळून सांगितलं, नुसतं कप्तान म्हणा. मीही इथे तेच करते. गोष्ट साधी होती. त्या किनाऱ्यावर एक भूशिर होतं. तिथे पाणी उसळायचं, फेस यायचा, आणि त्याच्या पुढे समुद्र उकळतो, गेलेला परत येत नाही, असं सगळे खलाशी मानायचे. कित्येक जहाजं तिथपर्यंत जाऊन माघारी वळली. या कप्तानाने मात्र किनारा सोडला, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, भर समुद्राकडे वळवली, जमीन दिसेनाशी होईपर्यंत बाहेर गेला आणि लांबून वळसा घालून पलीकडे उतरला. पलीकडे तीच वाळू, तेच पाणी. नाटकात सगळी गोष्ट फसीला सांगणार होती आणि कप्तानाला अगदी थोडी वाक्यं होती. माझं इंग्रजी तोकडं, म्हणून मिसनी मला कमी बोलायचं काम दिलं, आणि ते काम निघालं कप्तानाचं. शिवाय मी उंच होते.

"बट शिप चाहिये," मिस म्हणाल्या. "शिप नहीं तो कॅप्टन खाली स्टेज पे क्या करेगा?" जहाज नसेल तर नाटक रद्द आणि आमची वेळ शेजारच्या वर्गाच्या समूहगीताला, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मी हात वर केला आणि म्हणाले, "माय फादर मेक शिप." वर्ग हसला. हसू दे म्हटलं. मला तो कप्तान व्हायचंच होतं. इतकं काही हवंसं मला तोपर्यंत कधी वाटलं नव्हतं, नंतरही क्वचितच वाटलं. त्या शाळेत मला एकदा, निदान एकदा, सगळ्यांच्या वर उभं राहून बोलायचं होतं आणि सगळ्यांनी ते ऐकायला हवं होतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा अब्बा नुकतेच उठून चहा पीत होते. त्यांनी एकच विचारलं, "किती मोठं?" मी हात पसरून दाखवले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. अम्मीचं लक्ष दुसरीकडेच होतं. "तू फिरंगी होनार?" ती कुजबुजली, जणू मामा दाराआड उभे आहेत. "काय गो, तुला दुसरं कोन नाय मिळालं?" मग तिने गोष्ट ऐकून घेतली आणि तिची थोडी निराशाच झाली. "म्हंजे खडप टाळून बाहेरून गेला, एवढंच ना? आमचे बाबा रोज जायचे. त्यांच्यावर कोनी नाटक नाय केलं." तरी तिला उत्सुकता होतीच. भाकरी थापता थापता तिने विचारलं, "आणि तिकडून येताना काय घेऊन आला तो?"

मी पुस्तकात बघून सांगितलं. सोनं, कातडी, हस्तिदंत. आणि माणसं. किनाऱ्यावरची माणसं धरून, बांधून, विकायला.

अम्मीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. मग म्हणाली, "वळसा घालीपर्यंत कर. त्याच्या पुढचा तो आपला नाय." मी दुसऱ्या दिवशी मिसना तसंच सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, कानशिलं तापलेली असताना. कप्तान परत येतो, राजा त्याला शाबासकी देतो, तो शेवटचा प्रवेश मी करणार नाही. त्याने माणसं आणली. मिसनी वहीतलं शेवटचं पान फाडलं आणि म्हणाल्या, "ओके. वी एंड विथ द सेल." म्हणजे शीड वर जाणार आणि तिथेच नाटक संपणार. आजही वाटतं, तो माझा त्या शाळेतला पहिला विजय. आता मात्र सगळा भार त्या शिडावर आला.

जहाज कॅम्पामागच्या सुतारकामाच्या शेडमध्ये बांधलं गेलं. टाकाऊ प्लाय, फळ्या, कामावरून सुटलेल्या माणसांचे हात. मी दोन शुक्रवारी अब्बांबरोबर बघायला गेले, आणि कॅम्पातली मंडळी मला 'या कप्तान' म्हणून खुर्ची द्यायला लागली. काशीकाकांचं म्हणणं, स्टेजवरचं जहाज म्हणजे पुढून दिसलं की झालं, मागून टेकू द्या. अब्बांना ते पटेना. "होडी म्हंजे दोन्ही बाजूंनी होडी," ते म्हणाले. मग दोन्ही बाजू आल्या, मग आतले वाकवलेले वासे आले, मग खरी डोलकाठी आली. पोर्तुगिजांची ती जहाजं तिकोनी शिडाची असत, आमच्याकडच्या मचव्यासारखी, त्यामुळे अब्बांनी पुस्तकातलं चित्र एकदाच बघितलं आणि बाजूला ठेवलं. जे उभं राहिलं तो सरळ सरळ आमच्या खाडीवरचा मचवा होता. नाळ तशीच उचललेली, तशीच लांब. शिडाची जी तिरपी लांब काठी असते, परबाण म्हणतात तिला, तीसुद्धा त्यांनी भरीव लाकडाची केली. शिडासाठी ओल्या काँक्रीटवर अंथरतात ते गोणपाट आणलं आणि अम्मीने ते मशिनवर शिवलं, अब्बा जागे असतानाच्या वेळात. त्यावर काही रंगवायचं नाही, हे मिसनी आधीच बजावलं होतं. पोर्तुगीज शिडावर मोठा क्रूस असतो ते चित्रात सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि तो तिथे का चालणार नाही हे कोणी विचारलं नाही.

काम झालं आणि आमच्या माणसांनी ती एक चूक केली, जी तीच माणसं करू शकतात. शटरिंगचं सगळं काम जोडायचं आणि सोडवायचं असतं, पाचरी ठोकून बांधायचं, पाचरी काढून मोकळं करायचं. जहाजही तसंच केलेलं होतं, सुटं होणारं. पण जे जोडतात तेच सोडवतात आणि तेच पुन्हा जोडतात, म्हणून कुठल्याच तुकड्यावर कधी काही खूण करायची त्यांची सवय नाही. सगळं हाताला माहीत असतं. आदल्या शुक्रवारी शाळा बंद असताना पुरुषांनी येऊन हॉलमध्ये जहाज उभं करून जावं, अशी मिसनी परवानगी काढून ठेवली होती. आणि नेमका त्याच शुक्रवारी रास अल खैरला मोठा स्लॅब भरायला घेतला. स्लॅब एकदा सुरू झाला की बाप मेला तरी मधे थांबवता येत नाही. अब्बा आणि काशीकाका शनिवारी उजाडताना घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटचे.

मग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच पिकअप काढली. अब्बा, काशीकाका आणि कॅम्पातले चार-पाच जण, सगळ्यांनी इस्त्रीचे शर्ट घातलेले, अत्तर लावलेलं, एकाने तर टायही बांधलेला. अम्मी पुढे केबिनमध्ये बसली होती. तिलाही नाटक बघायचं होतं. मी शाळेच्या बसने आधी गेले होते आणि गेटच्या आत उभी होते. पिकअप थांबली, माणसं उड्या मारून उतरली, काशीकाकांनी दोरी सोडली आणि अब्बा म्हणाले, "यल्ला, चला, गेट उघडा."

हारिस, म्हणजे गेटवरचा म्हातारा रखवालदार, स्टुलावरून उठला. त्याने माणसांकडे बघितलं, जहाजाकडे बघितलं आणि आडवा हात केला. "मम्नू." मनाई. मुलींचा विभाग, शाळा भरलेली, आत शेकडो मुली आणि शिक्षिका. पुरुषाला आत पाऊल टाकता येत नाही.

हे अब्बांना माहीत नव्हतं का? तिथे राहणाऱ्या पोरासोरांनाही माहीत असतं. हॉटेलाला बायकांचं आणि पुरुषांचं अशी दोन दारं असतात, बँकेला दोन दारं असतात. पण आपण केलेलं काम आपणच उभं करायचं, हे त्यांच्या हाडात इतकं भिनलेलं, की आठवडाभर एकाच्याही मनात आलं नाही, आज आत जाणार कोण. अब्बांनी कपाळावर हात मारला. काशीकाका हारिसला हिंदीत समजवायला लागले, हारिस त्यांना अरबीत समजवायला लागला, आणि दोघंही एकमेकांना अगदी नीट समजत होते. मिस धावत गेटपर्यंत आल्या. घड्याळ बघितलं. मला म्हणाल्या, "हुस्ना, आय ॲम सॉरी." त्या समूहगीताच्या बाईंना सांगायला वळल्याही. दाढी हातात होती, ती मी चुरगळून टाकली.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. अम्मी खाली उतरली. अबायाचा काळा झगा सावरून ती पिकअपच्या मागे गेली आणि एक फळी हाताने उचलून बघितली. "दोघींना उचलंल," ती म्हणाली. "उतरवा."

"अगं, पण जोडनार कोन?" अब्बा म्हणाले. "हे बघ, ही डावी बाजू. नाय, थांब, ही उजवी."

"ती डावीच हाय," काशीकाका म्हणाले.

"काश्या, मी बांधलीय!"

"आणि मी काय कालवण खात होतो?"

"तुम्ही दोघं जरा गप ऱ्हावा," अम्मी म्हणाली. "होडी मी बघितलीय. पाचरी कुठं हायत?" काशीकाकांनी निमूटपणे पाचरींची पिशवी आणि हातोडा तिच्या हातात दिला.

मग जे सुरू झालं त्याला माझ्याकडे वरात हाच शब्द आहे. आमचा वर्ग धावत आला. दोघी दोघी मिळून एकेक तुकडा उचलू लागल्या. डोलकाठीला आठ जणी लागल्या. कार्यक्रमाला आलेल्या आया गेटमधून शिरत होत्या, त्यांतली पहिली फसीलाची आई. तिने काय चाललं आहे ते बघितलं, पर्स मुलीच्या गळ्यात अडकवली आणि परबाणाच्या दुसऱ्या टोकाला खांदा दिला. ते बघून बाकीच्या आल्या. मिसनी समूहगीताच्या बाईंना हाताने 'थांबा' केलं आणि स्वतः सुकाणू उचललं. हॉलमध्ये बायकाच बायका. अम्मीने अबाया काढून खुर्चीवर टाकला, ओढणी कमरेला खोचली आणि हातोडा उचलला. जुबैलला आल्यापासून तिने एवढा आवाज केला नव्हता. ठाण, ठाण, ठाण. पाचर बसली की ती जीभ टाळूला लावून 'च्यक' करायची आणि पुढे सरकायची. फसीलाची आई मल्याळममध्ये काही विचारी, अम्मी कोकणीत उत्तर देई, आणि फळी बरोबर जागी बसे. मला दोन्ही भाषा येत असत्या तर मधे पडून मी घोटाळाच केला असता.

जहाज उभं राहिलं आणि मिस किंचाळल्या, "राँग साइड!" नाळ उलट्या बाजूला झाली होती. तालमीत आम्ही उजवीकडे जायचो, पुठ्ठ्याचं भूशिर उजवीकडे ठेवलेलं होतं, आणि जहाज तोंड करून होतं डावीकडे. पाचरी सगळ्या ठोकून झाल्या होत्या. प्राचार्या मॅडम पहिल्या रांगेत येऊन बसत होत्या. अम्मीने एकदा जहाजाकडे बघितलं, एकदा पुठ्ठ्याकडे. मग मला म्हणाली, "जमीन हलवा. होडी नको." चार मुलींनी आफ्रिका उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली.

पडदा उघडला. परातींत तांदूळ फिरवून मुलींनी समुद्राचा आवाज केला, फसीला गोष्ट सांगू लागली, आणि मी नाळेवर उभी राहिले. खालची फळी जराही हलत नव्हती. अब्बांचं काम. खलाशी घाबरले, रडले, माघारी चला म्हणाले. मी त्यांना गप्प केलं. आणि मग तो क्षण आला. मी हात वर केला, "रेझ द सेल!" चार मुलींनी दोर ओढला, परबाण हललं, गोणपाट अर्धं वर गेलं, आणि अडकलं. भरीव लाकूड होतं ते, घरातल्या तुळईएवढं. चार पोरींच्या अंगात तेवढा जोर नव्हता. त्या ओढत होत्या, चपला स्टेजवरून घसरत होत्या, शीड तिथेच. हॉलमध्ये कोणी तरी हसलं. परातीतला तांदूळसुद्धा थांबला.

मी त्या नाळेवर उभी, हात वरच, आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. सगळं तिथपर्यंत आलं होतं आणि तिथेच संपणार होतं.

तेव्हा विंगेतून आवाज आला. "हेऽऽऽ ओढा गो पोरींनोऽऽऽ!" तो अम्मीचा खरा आवाज होता, खाडीच्या पलीकडे जाणारा. मी तो विसरूनही गेले होते. हॉलच्या पत्र्याच्या छपराला जाऊन तो आदळला. पहिल्या रांगेतल्या मॅडम खुर्चीत दचकल्या. "हैयाऽऽ हो!" म्हणत अम्मी स्टेजवर आलीच, ओढणी खोचलेली, आणि दोर तिने हातात घेतला. "हैयाऽऽ..." आणि प्रेक्षकांतून, तिसऱ्या रांगेतून, फसीलाची आई उठून ओरडली, "ऐलेऽऽसा!" त्यांच्या किनाऱ्यावर तसं ओरडतात. मग तीही वर आली. मग आणखी कोणी. "हैया हो!" "ऐलेसा!" हॉलमधल्या काळ्या अबायांमधून तो गजर उठला, लखनौच्या आणि हैदराबादच्या बायका, ज्यांनी आयुष्यात कधी होडी बघितली नसेल, त्याही ओरडायला लागल्या. परबाण वर चढलं, आणखी चढलं, डोलकाठीच्या टोकाला जाऊन खटकन बसलं, आणि ते एवढं मोठं तपकिरी शीड माझ्या डोक्यावर उघडलं. माझं शेवटचं वाक्य होतं, 'देअर इज सी अहेड.' पुढे समुद्र आहे. ते मी म्हटलं नाही, मी ते ओरडले, आईच्या आवाजात. तो आवाज मलाही आहे हे मला तेव्हा कळलं. बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, मिस रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे, आणि फसीला मला मिठी मारून "कॅप्टन, कॅप्टन" करत होती. फिश म्हणणं त्या दिवशी संपलं.

आम्ही दुपारी बाहेर आलो. पिकअप गेटपासून थोडी पुढे, भिंतीच्या सावलीत उभी होती. माणसं कोणीच गेली नव्हती. टायवाल्याने टाय सोडून डोक्याला गुंडाळला होता. हारिस त्यांच्यात बसून चहा पीत होता. अम्मी समोर गेली आणि तिने दोन्ही तळवे उघडून दाखवले. दोराने लाल झाले होते.

"परबाण कोनी केलं एवढं जड?"

सगळ्यांनी अब्बांकडे बोट दाखवलं. अब्बा ओशाळून म्हणाले, "मग वर कसं गेलं?"

"आम्ही नेलं."

"आवाज ऐकला आम्ही," काशीकाका म्हणाले. "भिंतीच्या ह्या बाजूला पार ऐकू आला. पन दिसलं काय नाय, वहिनी. एवढं बांधलं, आणि उभं ऱ्हायलेलं आमी नाय बघितलं."

अम्मीने मला हाताला धरून पिकअपच्या मागच्या फळीवर चढवलं. माझी दाढी अर्धी सुटून लोंबत होती, ती तिने पुन्हा गालावर दाबून बसवली. माणसं फुटपाथवर ओळीने मांडी घालून बसली, हारिससुद्धा. आणि अम्मीने त्यांना सगळं नाटक सांगितलं, पहिल्यापासून, भूशिर, फेस, घाबरलेले खलाशी, उलटी झालेली होडी, पलीकडे नेलेली आफ्रिका. ती सांगत गेली तसा तिचा आवाज चढत गेला, आणि कोणी तिला हळू बोल म्हटलं नाही. शिडापर्यंत आली आणि थांबली. समोर बसलेल्या त्या सगळ्या सुतारांकडे, अब्बांकडे तिने बघितलं.

"बसून काय ऱ्हायलात?" ती म्हणाली. "उठा. ओढायला मानसं लागतात."

आणि ते सगळे उठले.